'सान्चोमे नो यूही' मालिकेचा तिसरा भाग शेवट म्हणून समाधान देतो का?

पागोळी:

ताकाशी यामाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ऑलवेज : सान्चोमे नो यूही' या जपानी कौटुंबिक चित्रपटमालिकेचे तिन्ही भाग आमच्या घरी नुकतेच ओळीने पाहून झाले. पहिला भाग २००५ चा, दुसरा २००७ चा आणि नावातच '६४' हा आकडा मिरवणारा तिसरा २०१२ चा. तिसऱ्या भागाबद्दल माझ्या मनात जी रुखरुख राहिली आहे तिच्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. प्रश्न शेवटाचा असल्यामुळे कथेतले सारे धागेदोरे इथे उघड होणार आहेत. ज्यांना चित्रपट कोरे पाहायचे असतील त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांना मालिकेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ १९५८ चा, म्हणजे जपानी गणनेप्रमाणे शोवा ३३ चा. स्थळ टोकियोतली एक काल्पनिक गल्ली, जिच्या टोकाशी टोकियो टॉवर रोज थोडा थोडा वर चढताना दिसतो. गल्लीत सुझुकी नावाच्या तापट गृहस्थाचे मोटारदुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. त्याच्याकडे कामाला म्हणून आओमोरीहून रोकुको ही शाळा नुकतीच संपवलेली मुलगी येते. 'सुझुकी ऑटो' म्हणजे मोठी मोटार कंपनी असणार, या समजुतीने ती आलेली असते आणि दारात उभी राहून पाहते तो काय, पत्र्याचे छप्पर आणि तेलाचे डाग. समोर चागावा र्‍युनोसुके हा नाव न मिळालेला लेखक पोरांच्या गोळ्या-खाऊचे दुकान चालवत मासिकांसाठी मुलांच्या कथा पाडतो. त्याच्या गळ्यात जुन्नोसुके नावाचा पोरका म्हणावा असा मुलगा पडतो, आणि ज्या हिरोमीने तो गळ्यात घातला तिच्यावरच चागावाचे मन जडते.

पहिल्या भागाने मला पूर्ण जिंकले. कोणत्याही प्रसंगाला घाई नव्हती आणि कोणतेही सुख फुकट मिळत नव्हते. मुले ट्रामने दूरवर जाऊन पैसे संपल्यावर अडकतात, तेव्हा आईने स्वेटरच्या कोपराला लावलेल्या ठिगळाच्या आत शिवून ठेवलेले पैसे हाती लागतात, एवढ्या लहान गोष्टीवर अख्खा प्रसंग उभा राहतो. तिसऱ्या भागात मात्र मला सगळे जरा जास्तच जुळून आलेले वाटले. रोकुकोला तरुण डॉक्टर किकुची आवडतो, त्याच्याविषयी वाईटसाईट कानावर येते, सुझुकी आगपाखड करतो आणि शेवटी तो डॉक्टर गोरगरिबांना मोफत उपचार देणारा सज्जन निघतो. दुसरीकडे चागावा, ज्याने दोन भाग ज्या मुलासाठी जिवाचे रान केले, तो त्याच मुलाला घराबाहेर काढतो. आमच्याकडे सगळ्यांचे डोळे ओले झाले, हे मान्य. पण डोळे ओले होणे आणि समाधान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या भागाच्या शेवटी हिरोमी परत येते आणि त्या तिघांचे घर उभे राहते, तिथेच मालिका थांबायला हवी होती का?

जुना प्रेक्षक:

तुमचा प्रश्न रास्त आहे, परंतु तुम्ही ज्या प्रसंगाला दोष देता तोच मला मालिकेचा खरा शेवट वाटतो, आणि त्याचे कारण पहिल्या भागातच आहे.

पहिल्या भागाच्या अखेरीस जुन्नोसुकेचा श्रीमंत बाप कावाबुची मोटारीतून येऊन त्याला घेऊन जातो. मुलगा गेल्यावर चागावाच्या हाती त्याची वही लागते. तीत मुलाने भविष्यातली एक कथा लिहिलेली असते आणि त्या कथेत तो, चागावा आणि हिरोमी एकत्र सुखाने राहत असतात. चागावा मोटारीमागे वेड्यासारखा धावतो, पडतो, आणि मान वर करतो तर मुलगा परत आलेला. पुढे जे घडते ते आठवून पाहा. चागावा त्याला जवळ घेत नाही. तो त्याला ढकलतो, 'तुझे माझे काही नाते नाही, त्या घरी गेलास तर हवे ते मिळेल' असे ओरडून सांगतो, पुन्हा ढकलतो, आणि मुलगा प्रत्येक वेळी परत येऊन त्याच्या अंगाला चिकटतो. तिसऱ्या वा चौथ्या ढकलण्यानंतर चागावाचेच हात गळून पडतात.

सहा वर्षांनंतर, म्हणजे तिसऱ्या भागात, चागावा पुन्हा तेच करतो. या वेळी मुलगा शाळकरी राहिलेला नाही. टोकियो विद्यापीठात जाऊ शकेल इतका हुशार आहे, आणि चागावाने घातलेली लिखाणाची बंदी मोडून टोपणनावाने विज्ञानकथा लिहितो आहे. ज्या मुलांच्या मासिकात चागावाची लेखमाला चालते त्याच मासिकात या नव्या लेखकाची कथा त्याला मागे टाकते, आणि तो नवा लेखक आपल्याच माडीवर झोपतो हे चागावाला ठाऊक नसते. पहिल्या भागात याच चागावाने, काही सुचेना तेव्हा, जुन्नोसुकेच्या वहीतली गोष्ट चोरून स्वतःच्या नावावर छापली होती. मुलाला ते कळले तेव्हा रडू किंवा राग येण्याऐवजी आपली गोष्ट मासिकात छापून आली याचाच त्याला केवढा आनंद झाला होता! लेखक म्हणून या दोघांमध्ये सरस कोण, हे तेव्हापासूनच ठरलेले होते आणि चागावाला ते आतून माहीत होते. म्हणून तिसऱ्या भागातले ढकलणे पहिल्या ढकलण्याची नक्कल नाही. तेव्हा तो मुलाला सुखाच्या घरी पाठवू पाहत होता आणि आता सुखाच्या घरातून बाहेर काढतो आहे. तेव्हा मुलगा परत येतो आणि आता जातो.

दुसऱ्या भागाशी थांबलो असतो तर चागावाला बायको मिळाली, मुलगा मिळाला आणि कुटुंब पूर्ण झाले असा शेवट हाती लागला असता. तो गोड असता, पण रक्ताच्या नात्याशिवाय जोडलेले घर खरे की खोटे, या प्रश्नाची कसोटी त्यात लागली नसती. ते घर खरे होते हे तेव्हाच सिद्ध होते, जेव्हा वाढलेला मुलगा त्यातून बाहेर पडू शकतो.

निशिकासाईकर:

मी गेली काही वर्षे टोकियोत राहतो, त्यामुळे या मालिकेकडे थोड्या वेगळ्या कोनातून पाहतो. भावनिक शेवटाविषयी 'जुना प्रेक्षक' यांच्याशी मी सहमत आहे. परंतु माझे असमाधान काळाच्या शेवटाविषयी आहे.

ही मालिका माणसांची आहे तितकीच शहराचीही आहे. पहिल्या भागात टोकियो टॉवर अपुरा असतो आणि चित्रपट संपेतो तो ३३३ मीटरपर्यंत पूर्ण होतो. सगळ्या जगाने त्या काळी ज्याला विकास म्हटले तो एका लोखंडी आकृतीत उभा करण्याची ही क्लृप्ती अप्रतिम होती. दुसऱ्या भागात निहोनबाशीचा पूल दिसतो, वर मोकळे आकाश, खाली नदी, आणि त्या पुलावर घडणारा तोमोएचा, म्हणजे सुझुकीच्या पत्नीचा, तिच्या लग्नाआधीच्या आयुष्याशी जोडलेला प्रसंग. आज मी त्या पुलावर उभा राहतो तेव्हा डोक्यावर आकाश नसते. ऑलिंपिकसाठी घाईघाईने बांधलेला द्रुतगती मार्ग १९६३ साली नेमका त्या पुलावरून नेला गेला, आणि तो काढून जमिनीखाली नेण्याचे काम इतक्या दशकांनंतर आता कुठे सुरू झाले आहे. दिग्दर्शकाने संगणकाच्या साहाय्याने ते आकाश परत आणले, तेव्हा चित्रगृहातल्या जपानी प्रेक्षकाला काय हरवले ते सांगावे लागले नसेल.

मग १९६४ वर येऊन थांबणाऱ्या तिसऱ्या भागात हे दुखणे कुठे आहे? तिथे रंगीत टीव्ही येतो, आकाशात हवाई दलाची विमाने धुराने पाच कडी काढतात आणि गल्लीतले सगळे माना वर करून पाहतात. १ ऑक्टोबरला शिनकानसेन सुरू झाली, १० ऑक्टोबरला ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. देशाच्या इतिहासातले हे सर्वांत झगमगीत दहा दिवस असतील. परंतु त्याच वर्षी शहरातले कालवे बुजले होते, जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या आणि हवा काळी पडत होती. पहिल्या भागात बर्फ विकणारा माणूस रस्त्यावर टाकून दिलेल्या जुन्या बर्फाच्या कपाटाकडे पाहत उभा राहतो, कारण सुझुकींच्या घरी विजेचा फ्रिज आलेला असतो. प्रसंग मोजक्या सेकंदांचा आहे, पण प्रगती कोणाच्या पोटावर पाय देऊन येते ते दाखवायला तेवढे पुरेसे होते. तिसऱ्या भागात असा बर्फवाला कुठेच भेटत नाही, ही माझी तक्रार आहे.

युद्धाचेही तसेच. पहिल्या भागातले डॉक्टर ताकुमा दारूच्या तारेत मुलीसाठी याकितोरी (सळीवर भाजलेले कोंबडीचे तुकडे) घेऊन घरी जातात, बायको आणि मुलगी त्यांची वाट पाहत असतात, आणि नंतर कळते की ते मोकळ्या जागेत झोपून गेले होते आणि दोघीही हवाई हल्ल्यात केव्हाच गेल्या आहेत. दुसऱ्या भागात सुझुकीला रणांगणावरचा सोबती भेटतो. तिसऱ्या भागापर्यंत ही सावली जवळजवळ पुसली गेली आहे. वास्तवात मात्र १९६४ च्या ऑलिंपिकची ज्योत पेटवण्यासाठी ज्या तरुणाला निवडले होते तो ६ ऑगस्ट १९४५ ला, अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, हिरोशिमा प्रांतात जन्मलेला होता. म्हणजे खुद्द आयोजकांनी सोहळ्यात युद्धाची आठवण ठेवली आणि या चित्रपटाने ती गाळली.

रेवा:

रोकुकोच्या कथेविषयी 'पागोळी' यांनी जे लिहिले आहे त्यातला निम्मा भाग मला पटतो. किकुचीवरचा संशय आणि त्याचे निरसन हा प्रकार फारच सोयीचा आहे, आणि मिराई मोरियामासारख्या नटाच्या वाट्याला त्यामुळे करण्यासारखे काही उरत नाही. एखादा खरा दोष असलेला माणूस रोकुकोने डोळे उघडे ठेवून निवडला असता तर कथेत जीव आला असता.

परंतु त्या उपकथेचा खरा नायक किकुची नाही, सुझुकी आहे, हे कृपया लक्षात घ्या. रोकुको आली तेव्हा तिच्या अर्जावरून झालेल्या गैरसमजात याच माणसाने तिचे सामान रस्त्यावर फेकले होते. तेव्हा खेड्यांतून शाळा संपताच मुलांना झुंडीने आगगाडीत बसवून उएनो स्टेशनवर उतरवत आणि मालक त्यांना तिथून घेऊन जात. या मुलांना 'सोन्याची अंडी' म्हणत असत. नाव गोड असले तरी व्यवहार मजुरांचा होता. रोकुको मानून चालली होती की घरी खाणारे एक तोंड कमी करण्यासाठी आईने तिला पाठवले आणि मग विसरून गेली. पहिल्या भागात तोमोए तिच्यासमोर आईची पत्रे ठेवते, जी 'वाचून मुलीला घरची ओढ लागेल, तिला दाखवू नका' या आईच्या विनंतीवरून लपवून ठेवलेली असतात. तो प्रसंग पाहिलेल्या माणसाला तिसऱ्या भागातला सुझुकीचा थयथयाट हास्यास्पद वाटत नाही. मालक आणि नोकर या नात्यात आलेला माणूस सहा वर्षांत बाप होऊन बसला आहे आणि तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हेच त्याला कळत नाही. शिनइची त्सुत्सुमी यांनी तो गोंधळ आरडाओरड्याखाली छान दडवला आहे.

जाता जाता एक. रंगीत टीव्ही आणि ऑलिंपिक यांची जोडी पाहताना आपल्याकडचे १९८२ आठवल्याशिवाय राहिले नाही. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि ज्याच्या घरी संच असेल त्याच्या घरी आळी लोटत असे. त्यामुळे सुझुकींच्या दिवाणखान्यातली गर्दी मला परकी वाटली नाही.

पागोळी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'जुना प्रेक्षक' यांनी दाखवलेला दुवा माझ्या नजरेतून सुटला नव्हता, पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ मला अजून पूर्ण पचलेला नाही. अडचण अशी आहे की चागावाला हे शहाणपण कुठून येते ते पाहा. त्याचे वडील आजारी पडतात. लेखक व्हायचे म्हणून ज्यांनी त्याला घरातून काढले, ज्यांच्याशी त्याने संबंध तोडला, त्या वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या खोलीत त्याच्या लेखनाची मासिके जपून ठेवलेली सापडतात, आणि बापाने आपल्याला माघारीची वाट राहू नये म्हणून दूर लोटले होते असा त्याला साक्षात्कार होतो. मग तो तेच औषध जुन्नोसुकेला पाजतो.

म्हणजे कठोर बापाचे वागणे मुळात प्रेमच होते, एवढेच नव्हे तर ते पुढच्या पिढीलाही द्यायला हवे, असे चित्रपट म्हणतो का? ज्या बापाने आयुष्यभर मुलाला एक शब्द लिहिला नाही त्याला एका कपाटातली मासिके माफ करून टाकतात, हे मला जड जाते. रोकुकोच्या आईची पत्रे निदान लिहिलेली तरी होती.

जुना प्रेक्षक:

तुमची शेवटची ओळ मालिकेवरच्या अनेक समीक्षांपेक्षा नेमकी आहे, आणि मी तिला पूर्ण उत्तर देऊ शकेन असे नाही. तरी दोन गोष्टी मांडतो.

पहिली अशी की बापाचे ते कठोर वागणे शहाणपणाचे होते, असे निदान चागावाच्या आयुष्याकडे पाहून तरी म्हणता येत नाही. दुसऱ्या भागात आकुतागावा पुरस्कारासाठी, म्हणजे जपानमधल्या मानाच्या साहित्य पुरस्कारासाठी, तो जिवाचा आटापिटा करतो, गल्लीतले लोक भामट्याच्या थापांना भुलून त्याच्यासाठी पैसे गोळा करतात, आणि पुरस्कार मिळत नाहीच. १९६४ मध्येही तो पोरांच्या मासिकात, तेही घसरणीला लागलेला. परतीची वाट बंद करून बापाने घडवलेला लेखक हा असा आहे. चागावाला हे ठाऊक नसेल का? मला वाटते, तो जुन्नोसुकेला बाहेर काढतो तेव्हा बापाच्या पद्धतीवरचा विश्वास जितका असतो तितकीच स्वतःविषयीची शरम असते. मुलगा घरी राहिला तर आपल्या अपयशाला सांभाळत बसेल, आपल्याला मागे टाकताना दर वेळी अपराधी वाटून घेईल, आणि हिरोमीला आता स्वतःचे मूल होणार असल्यामुळे आपण ओझे आहोत असेही त्याच्या मनात येईल. त्या मुलाचा स्वभाव पहिल्या भागापासून तोच आहे; गोष्ट चोरली गेली तरी आनंदणारा. अशा मुलाला समजावून बाहेर पाठवता येत नाही.

दुसरी गोष्ट चागावाचे काम करणाऱ्या हिदेताका योशिओका यांच्या अभिनयाविषयी. तिसऱ्या भागात ते ओरडतात तेव्हा आवाज चढतो पण नजर मुलाच्या चेहऱ्यावर टिकत नाही. शब्द कठोर बापाचे आणि डोळे पहिल्या भागातल्या त्या माणसाचे, ज्याने अंगठी घ्यायला पैसे नाहीत म्हणून हिरोमीपुढे रिकामी डबी धरली होती. तिने तेव्हा बोट पुढे करून नसलेली अंगठी घालून घेतली होती. या घरात नसलेल्या वस्तू ओळखण्याची रीतच आहे. जुन्नोसुकेलाही बोललेल्या शब्दांमागचे न बोललेले कळते, असे मी समजतो. तुम्ही म्हणता तसे हे सोयीचे तत्त्वज्ञान होऊ शकते, आणि प्रत्यक्ष आयुष्यात मी त्याची शिफारस कोणाला करणार नाही.

खिडकीतला:

थोडा उशिरा येतो आहे, पण दोन मुद्दे अजून कोणी घेतलेले दिसत नाहीत.

र्‍योहेइ साइगान यांची ज्या चित्रकथेवरून ही मालिका आली ती 'बिग कॉमिक ओरिजिनल' या नियतकालिकात १९७० च्या दशकापासून चालत आलेली आहे, आणि तिच्यात काळ पुढे सरकतच नाही. ऋतू येतात, जातात, पुन्हा येतात. सुझुकींचा मुलगा इप्पेइ मात्र तेवढाच राहतो. तिथे रोकुको ही मुलगीही नाही, तो मुलगा आहे. यामाझाकींनी पहिल्यापासूनच मूळ कथेशी फारकत घेतली आणि कॅलेंडर चालू ठेवले. ज्या मालिकेत वर्षे मोजली जातात तिला कुठल्यातरी वर्षी थांबावेच लागते, आणि ते वर्ष १९६४ असणे मला अगदी स्वाभाविक वाटते, कारण त्यापुढचा जपान म्हणजे प्रत्येकाच्या घरी स्वतंत्र टीव्ही असलेला जपान. पहिल्या भागात एका टीव्हीभोवती अख्खी गल्ली जमून रिकिदोझानची कुस्ती पाहते. '६४ मध्ये चागावाही चुरशीने स्वतःचा संच घेतो. रंगीत चित्राच्या ओढीने सगळे पुन्हा सुझुकींकडे जमतात खरे, परंतु ती गर्दी शेवटची आहे हे प्रेक्षकाला कळते. आणखी एक योगायोग असा की खुद्द यामाझाकींचा जन्म जून १९६४ चा, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोचा. आपण जन्मलो नव्हतो तो काळ कल्पनेने बांधत बांधत माणूस स्वतःच्या जन्मवर्षाशी येऊन थांबला. 'निशिकासाईकर' यांची तक्रार मला मान्य आहे, पण या माणसाकडून १९६४ चा ताळेबंद मागणे कदाचित जास्त होईल. त्यांना टॉवर, ट्राम, आगगाड्या बांधण्याचे वेड. दुसऱ्या भागाची सुरुवातच त्यांनी गॉडझिलाने केली, आणि त्याच वेडाने पुढे २०२४ मध्ये त्यांना दृश्यपरिणामांसाठीचे ऑस्कर मिळवून दिले.

दुसरा मुद्दा तुलनेचा. योशिओका हे 'ओतोको वा त्सुराई यो' या मालिकेत, म्हणजे लोक ज्याला तोरासान म्हणून ओळखतात त्या फिरत्या विक्रेत्याच्या कथांमध्ये, तोराच्या भाच्याचे काम करत मोठे झाले. तोरासानचे काम करणारे कियोशी आत्सुमी १९९६ साली गेले आणि मालिका थांबली. १९९७ साली एका जुन्या भागाला नवी जोड देऊन विशेष आवृत्ती काढली गेली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये योजी यामादा यांनी पन्नासावा भाग केला. त्यात तोरा केवळ जुन्या चित्रफितींमधून येतो, आणि भाचा मित्सुओ आता लेखक झालेला असतो, बायको गेलेला, मुलगी वाढवणारा. त्याची पहिली प्रेयसी इझुमी परदेशातून येते, दोघे काही दिवस एकत्र घालवतात, विमानतळावर निरोप घेतात. काही जुळत नाही, काही जोडले जात नाही. तो चित्रपट मला शेवट म्हणून '६४ पेक्षा फार सरस वाटतो, कारण त्यात स्मरणरंजनाची किंमत त्याच चेहऱ्यांवर दिसते. चिएको बाइशो यांची साकुरा, म्हणजे तोराची बहीण, पन्नास वर्षांत खरोखर म्हातारी झाली आहे. तिथे रंगभूषेचा काही संबंध नाही. 'सान्चोमे'ला ही सोय नव्हती. सात वर्षांत तीन चित्रपट झाले आणि मुले तेवढी खरोखर वाढली. जुन्नोसुकेचे काम करणाऱ्या केन्ता सुगा यांचा आवाज फुटलेला, उंची वाढलेली पाहणे हाच तिसऱ्या भागाचा सर्वांत प्रामाणिक ठेवा आहे.

निशिकासाईकर:

'खिडकीतला' यांचा जन्मवर्षाचा मुद्दा माझ्या तक्रारीला बराच बोथट करतो, हे कबूल करायला हवे. तरीही एक गोष्ट नमूद करतो. या मालिकेचे स्मरणरंजन जपानमध्ये केवळ चित्रगृहात राहिले नाही. पहिल्या भागाने जपान अकादमीचे तेरापैकी बारा पुरस्कार मिळवले, आणि २००६ साली पंतप्रधान होण्याच्या तोंडावर शिन्झो आबे यांनी आपल्या पुस्तकात या चित्रपटाचा गौरवाने उल्लेख केला. लोकांकडे पैसा नव्हता पण उद्याची आशा होती, असे एक चित्र त्यातून राजकारणाला आयते मिळाले. त्यामुळे '६४ मध्ये बर्फवाला नसणे हा मला निव्वळ कथेतला दोष वाटत नाही. तोपर्यंत ही गल्ली राष्ट्राची आवडती आठवण होऊन बसली होती, आणि अशा आठवणीत कोणाचा धंदा बुडालेला दाखवणे निर्मात्यांना परवडले नसावे, असा माझा अंदाज आहे.

चौथा भाग निघेल का, असे इथल्या माझ्या जपानी सहकाऱ्यांना मी विचारून पाहिले होते. बहुतेकांचे उत्तर एकच होते की रोकुकोशिवाय नको, आणि माकी होरिकिता तर २०१७ सालीच अभिनयातून निवृत्त झाल्या.

पागोळी:

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली. माझे मत आता असे बनले आहे की चागावा आणि जुन्नोसुके यांच्यापुरता तिसरा भाग शेवट म्हणून उभा राहतो, सुझुकीपुरताही राहतो. रोकुकोच्या बाबतीत तो तिला नवरा देऊन मोकळा होतो, आणि शहराच्या बाबतीत तो फटाके वाजवून दिवे मालवतो. वडिलांच्या कपाटातली मासिके मात्र मी अजूनही माफ केलेली नाहीत.

एक व्यावहारिक शंका आहे. माझे काका पुढच्या महिन्यात येणार आहेत आणि त्यांना ही मालिका दाखवायचा विचार आहे. त्यांची बैठक फार वेळ टिकत नाही. केवळ पहिला आणि तिसरा भाग दाखवला तर चालेल का? दुसऱ्यात आकुतागावाची धावपळ बरीच ताणलेली आहे, असे आमच्याकडे सर्वांचे मत पडले.

जुना प्रेक्षक:

ताणलेली आहे, यात शंका नाही, आणि भामट्यांचा प्रकरणभाग तर तुम्ही खुशाल पुढे सरकवू शकता. परंतु हिरोमी परत का आली हे न पाहता तिला तिसऱ्या भागात एकदम गरोदर गृहिणी म्हणून पाहिले तर काकांना ती कोण हेच कळायचे नाही. चागावाने पुरस्कारासाठी लिहिलेली कथा ती वाचते, तो भाग तेवढा सलग दाखवा.

निशिकासाईकर:

आणि निहोनबाशी गाळू नका. पुलावरचा प्रसंग सुरू झाला की काकांना सांगा, वरचे आकाश नीट पाहून घ्या.